लेकरांना घेऊन रानात: नागपूरच्या आसपास सहकुटुंब जंगलभटकंती कशी करावी

नागपुरात जंगलाचा विषय निघाला की बोलणं थेट वाघावर येतं. पेंचला दिसला का, कऱ्हांडल्याला सध्या कोणती वाघीण आहे, कोणत्या गेटवर चान्स जास्त. मोठ्यांचं ठीक आहे. पण पाच वर्षांच्या लेकराला पहाटे चारला झोपेतून उठवायचं, उघड्या जिप्सीत कुडकुडत बसवायचं आणि शेवटी ‘आज नाही दिसला रे’ म्हणून परत आणायचं, यातून त्याला जंगलाची गोडी लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: वाघ नंतर, आधी रान. आणि रानाची ओळख पायांनी होते. या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. घरापासून अर्ध्या तासावर सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाडा आहेत आणि सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि बोर ही वाघांची तीन जंगलं. फक्त क्रम नीट लावायला हवा.

सगळ्यात कमी चालणारा माणूस आधी बघा

सहलीचा बेत घरातल्या सगळ्यात उत्साही माणसाच्या मापाने आखला जातो आणि तिथेच गडबड होते. बेत आखायचा तो सगळ्यात कमी चालणाऱ्याच्या मापाने. ती गुडघेदुखीवाली आजी असेल किंवा चार वर्षांची धाकटी. पाच वर्षांच्या मुलाला रानातल्या वाटेवर दोन किलोमीटर भरपूर होतात, कारण ते सरळ चालतच नाही. दगड उचलतं, मागे पळतं, मुंग्यांच्या रांगेपाशी बसकण मारतं. हा वेळ वाया जात नाही, सहलीचा खरा ऐवज तोच. आठ-दहा वर्षांची पोरं चार-पाच किलोमीटर सहज चालतात, पण परतीचा टप्पा त्यांनाही जड जातो. म्हणून निघतानाच परत फिरायची वेळ ठरवून टाका. ‘त्या वळणापर्यंत जाऊ’ म्हणू नका, वळणं संपत नाहीत. ‘साडेआठला मागे फिरायचं’ असं ठरवा आणि साडेआठला फिरा, मग पुढे कितीही छान दिसत असो.

आजी-आबा सोबत असतील तर दोन तुकड्या करा. एक मोठा माणूस त्यांच्याजवळ सावलीत बसेल, बाकीचे फिरून येतील. आजीला ‘तुम्ही इथेच थांबा’ म्हणून एकटं बसवून जाऊ नका. तिच्याजवळ नातवंडांना आळीपाळीने बसवा. मोहाची, टेंभरांची, चारोळीची ओळख तिच्याइतकी कोणी करून देणार नाही.

आपला ऋतू ओळखा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सोन्याचे दिवस. मात्र नागपूरची थंडी कमी समजू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि उघड्या गाडीत वारा लागला की आणखी बोचतो. कानटोपी, हातमोजे, मांडीवर घ्यायला एक जुनी चादर एवढं हवंच.

फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो आणि मार्चमध्ये रान भगवं होतं. पानगळ झालेली असल्याने आतपर्यंत दिसतं, पाखरंही सहज टिपता येतात. याच सुमाराला वणव्याचा हंगामही लागतो. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा मानते. या दिवसांत चूल, शेकोटी, विडी-सिगारेट, वाढदिवसाच्या केकवरची फुलबाजीसुद्धा नको. सागाच्या वाळलेल्या पाचोळ्याला ठिणगी पुरते.

एप्रिलच्या मध्यापासून सकाळी नऊच्या आत घरी परतायचं, हा नियमच करा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, मेअखेरच्या नवतप्याचे नऊ कडक दिवस तर बोलायलाच नको. लहान मुलाला ऊन लागतं ते खेळण्याच्या नादात, सांगून सवरून नव्हे. चेहरा लाल, अंग तापलेलं, मळमळ, चिडचिड, नेहमीपेक्षा शांत होणं यातलं काहीही दिसलं की लगेच सावलीत न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा, थोडं थोडं ओआरएस पाजा आणि घरचा रस्ता धरा. मूल गुंगीत गेलं किंवा उलट्या थांबत नसल्या तर घरी नाही, थेट दवाखान्यात.

पावसाळ्यात वाघांच्या जंगलाचा आतला भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो. तेव्हा सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीकडे वळा. पहिल्या सरींनंतर जमिनीवर मखमली लाल मृगाचे किडे दिसतात, नवरंग पक्षी शीळ घालतो आणि सप्टेंबरपर्यंत दोन झाडांच्या मध्ये मोठमोठ्या कोळ्यांची जाळी ताणलेली असतात. ओढे-नाले आणि तलावाचे सांडवे मात्र दुरूनच बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये काय हाहाकार उडाला, हे शहराने पाहिलं आहे.

पहिली जागा, दुसरी जागा, मग लांबची

सुरुवात सेमिनरी हिल्सपासून. सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे हे नाव पडलं. टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, रस्ता सोपा आहे, बालोद्यान आणि जपानी गार्डन जवळ आहेत, आणि काही बिनसलं तर दहा मिनिटांत घरी पोचता येतं. पहिल्या दोन-तीन खेपा इथेच करा. पोरांना बुटांची, पाठीवरच्या पिशवीची आणि हळू बोलण्याची सवय इथे लागते.

पुढची पायरी अंबाझरी जैवविविधता उद्यान. तलावाकाठच्या जुन्या अंबाझरी उद्यानाशी याची गल्लत करू नका. झोपाळे आणि हिरवळ असलेली बाग वेगळी. हे शेकडो हेक्टरांवर पसरलेलं वनखात्याचं रान आहे: गवताळ माळ, झुडपं आणि एका बाजूला पाणी. इथे सावली कमी, म्हणून हिवाळ्याची सकाळ उत्तम. गवतात टिटव्या, तारेवर चास, पाण्यावर बदकं असा पाखरांचा मेळा एका फेरीत दिसू शकतो.

तिसरी जागा गोरेवाडा. काटोल रोडवरच्या बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानातली भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. बसमधून वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी अशा चार मोठ्या आवारांतून नेतात. लहान मुलांसाठी ही सोय खरंच चांगली आहे. बंद बस, ठरलेली वेळ, थंडी-वाऱ्याचा त्रास नाही. पण मुलांना आधीच खरं सांगा की हे प्राणी कुंपणाच्या आत राहतात, आणि जवळच जखमी व अडचणीतल्या वन्यप्राण्यांसाठी बचाव केंद्रही आहे. ‘हा वाघ जंगलात का नाही सोडत?’ हा प्रश्न येईलच. उत्तर टाळू नका. माणसाच्या हातून खायची सवय लागलेला किंवा जायबंदी झालेला प्राणी शिकार करून जगू शकत नाही, हे सात वर्षांच्या मुलाला नीट कळतं. सोमवारी सफारी बंद असते. सण-सुट्टीच्या दिवशी जाणार असाल तर तिकीट आधी काढा. एक बजावून सांगते: गोरेवाड्याच्या जंगलात बिबट्याचा वावर आहे. तलावाकडून किंवा कुठल्याशा पायवाटेने आत शिरायचं नाही. जिथे परवानगी आहे, तिथेच जायचं.

या तीन जागा पोरांच्या पायाखालून गेल्या की पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला किंवा बोरचा विचार करा.

अंगावर काय, पिशवीत काय

कपडे मातकट किंवा मेंदी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, सैल. पाय झाकणारे बूट हवेत. सँडल नको, काटा तर टोचतोच पण पालापाचोळ्यात घोणस बसलेली असली तर उघडा पाय तिच्या तोंडीच जातो. पावसाळा संपता संपता गवतात गोचीड असतात, म्हणून पँट मोज्यात खोचा. दिसायला बरं दिसत नाही, पण कामाचं आहे. खाजकुयलीच्या तपकिरी, केसाळ शेंगा हिवाळ्यात वाळतात. मुलांना त्या दुरून ओळखायला शिकवा, कारण हात लावला की तासभर रडारड.

अत्तर, परफ्यूम, सुवासिक तेल अजिबात नको. आग्या मोहळाच्या माशा वासाने चिडतात. उंच झाडाच्या फांदीखाली किंवा कड्याला काळं, हलणारं अर्धगोल पोळं दिसलं तर तिथे थांबू नका, दगड मारू नका, धूर तर मुळीच नको. माशा उठल्याच तर डोकं-तोंड दुपट्ट्याने झाकून सरळ पळत सुटायचं आणि गाडीत किंवा खोलीत शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही. नागपूरच्या बायका-पोरींकडे दुपट्टा असतोच. पुरुषांनीही एक मोठा सुती गमछा घ्यावा. उन्हात, धुळीत, जखमेवर बांधायला, बसायला अंथरायला, सगळीकडे तो लागतो.

पाणी माणशी दीड-दोन लिटर, उन्हाळ्यात जास्त. अर्धं संपलं की मागे फिरायचं. डब्यात दशम्या, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे, चिवडा, संत्री. झणझणीत, रश्श्याचं, तळकट असं काही नको. पोट बिघडलं तर रानात सोय नाही. तर्री-पोहे परतीच्या वाटेवर खा, त्यांची चव तेव्हाच जास्त लागते. आणि संत्र्याच्या साली परत आणायच्या. ‘कुजून जाईल की’ असं म्हणत बरेच सुशिक्षित लोक साली झुडपात भिरकावतात. कुजतात खऱ्या, पण त्याआधी वानरं येतात, आणि माणसाच्या पिशवीत खाऊ असतो हे एकदा शिकलेलं वानर पुन्हा विसरत नाही. रामटेकच्या गडावर पिशव्या हिसकावणारी वानरं लोकांनीच तशी केली आहेत.

प्रथमोपचारात बँडेज, जंतुनाशक, काटा काढायचा चिमटा, ओआरएस, मुलांचं तापाचं औषध, आणि कोणाचं नेहमीचं औषध असेल तर ते. एक शिटी प्रत्येक मुलाच्या गळ्यात. हरवलो असं वाटलं तर जागेवरच उभं राहायचं, झाडाला धरायचं आणि तीनदा शिटी फुंकायची. घरी अंगणात हा खेळ एकदा खेळून घ्या.

रानात गेल्यावर

पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. एका जागी बसा. मुलांना सांगा, जेवढे वेगवेगळे आवाज ऐकू येतील तेवढी बोटं दुमडायची. आधी ट्रकचा हॉर्न, मग कावळा, मग पाचोळ्यातली खसखस, मग तांबट पक्ष्याचा लांबून येणारा ‘टुक टुक टुक’. एवढं झालं की पोरं आपोआप हळू बोलायला लागतात. दटावायची गरज पडत नाही.

मग खाली बघा. वाटेकडेच्या भुसभुशीत मातीत, झाडाच्या मुळापाशी किंवा पडवीखाली बोटभर रुंदीचे नरसाळ्यासारखे खड्डे असतात. पोटावर पडून एका खड्ड्याकडे बघत राहा. मुंगी काठावर आली की तिच्या पायाखालची माती घसरते, ती वर चढायला बघते, आणि तळातून कोणीतरी तिच्यावर मातीचे कण उडवतं. ती आणखी घसरते. तळाशी दडलेल्या किड्याच्या दोन वाकड्या चिमट्या क्षणभर दिसतात आणि मुंगी नाहीशी होते. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. पण हे पाहिलेलं मूल त्या दिवशी वाघाचं नाव काढत नाही.

झाडं ओळखायला दोन-तीनच निवडा. पळसाला पाने तीनच, हे सगळ्यांना पाठ असतं, पण देठावर ती तीन पानं मोजून बघितलेली मुलं फार थोडी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनांची, ती हात फिरवून ओळखू येते. सागाचं कोवळं पान तळव्यात चोळलं की हात लालभडक होतो, मुलांना ही जादू वाटते. मात्र अभयारण्यात पान तोडायचं नाही. हा प्रयोग ओळखीच्या शेताच्या बांधावरच्या सागावर करा.

चिखलाचा काठ सापडला तर सोडू नका. चितळाचा दोन फाकांचा नाजूक खूर, रानडुकराचा रुंद खूर, मोराची तीन बोटं. वाघ-बिबट्याच्या ठशात नख्या उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात, कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात. ही एक खूण कळली की पोरं प्रत्येक ठशापाशी थांबतात. बेताच्या वेळेत त्यासाठी जागा ठेवा.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गावकरी रानात येतात. अस्वलालाही मोहाची फुलं फार आवडतात, तेही पहाटेच येतं. म्हणून लांबच्या जंगलाजवळच्या गावी मुक्कामाला असाल तर अंधारात मोहाखाली फिरायला जाऊ नका, गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

सफारीला जायचं तर

सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं सफारीत चांगली रमतात, हा माझा अंदाज. त्याआधी नेणार असाल तर गोरेवाड्याचीच बस बरी.

तीन पर्याय. पेंचचं महाराष्ट्रातलं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, १९९९ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली ही त्याची नेहमीची गेटं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ चं, कऱ्हांडला आणि गोठणगाव ही दोन गेटं नागपूरकरांना सोयीची. बोर वर्धा जिल्ह्यात, आकाराने छोटं. तिथे गर्दी तुलनेने कमी, म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला मी बोर सुचवते.

पत्ता बघताना एक काळजी घ्या. पवनी दोन आहेत. एक भंडारा जिल्ह्यातलं, कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या नावातलं. दुसरं जबलपूर हायवेवरचं, जिथून सिल्लारीला वळतात. नकाशात नुसतं ‘पवनी’ टाकलं तर अगदी उलट्या दिशेला पोचाल.

बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावरून आधी करा. गेटवर मूळ ओळखपत्र लागतं. जिप्सीत साधारण सहा पर्यटक आणि सोबत गाईड असतोच. आठवड्याची सुट्टी प्रत्येक जंगलाची वेगळी, बुकिंग करतानाच बघून घ्या. गेटवर पोचल्यावर मुलांना आधी शौचालयात न्या. आत गेल्यावर साडेतीन-चार तास गाडीतून उतरता येत नाही. हे पोरांना घरूनच सांगून ठेवा.

२०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गोठणगावच्या बाजूला एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली. व्हिडिओ फिरला, चालक-गाईडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली. यात दोष फक्त चालकांचा नव्हता. ‘दादा, अजून थोडी पुढे घ्या ना’ असं मागून म्हणणारे आपणच असतो. म्हणून सुरुवातीलाच गाईडला सांगा, ‘दादा, आम्हाला वाघाची घाई नाही. पाखरं, झाडं, ठसे, जे असेल ते दाखवा.’ या एका वाक्याने फेरी बदलते. गाईड आजूबाजूच्या गावातलाच असतो आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, विचारणारं कोणी नसतं. मोबाइल बंद करून पिशवीत टाका, तसा नियमही आता कडक झाला आहे. चितळ आणि वानरांची धोक्याची हाक ऐकू आली तर गाडी थांबवून फक्त ऐका. वानर कोणत्या दिशेला बघतंय, हे मुलांना शोधायला लावा.

पेंचला मुक्काम असेल तर रात्र वाया घालवू नका. जानेवारी २०२४ मध्ये पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांमधले दिवे त्यासाठी बदलले, उजेड खाली पडेल असे केले. अमावास्येच्या आसपासची हिवाळी रात्र निवडा. नागपूरच्या गच्चीवरून मोजकेच तारे पाहिलेल्या मुलांना मृग नक्षत्र आणि कृत्तिकांचा पुंजका इथे स्वच्छ दिसतो.

पेंचला जाताना मनसरच्या पुढे खवासाच्या दिशेने हायवे काही ठिकाणी उंच खांबांवरून जातो. खालून प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून ही रचना आहे, आणि त्या वाटांनी वाघही गेल्याचं कॅमेऱ्यांत नोंदलं गेलं आहे. मुलांना वरून जाताना हे सांगा. गाडी मात्र थांबवू नका.

अडचण आलीच तर

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी आवळायची नाही. अंगठी, बूट, पैंजण काढा, चावलेला हात-पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. नागपूर शहरात मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठा. साप पकडायच्या किंवा फोटो काढायच्या मागे लागू नका. वन्यप्राणी किंवा वणव्याबाबत वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर असलं तरी. कन्हानवरच्या वाकीच्या डोहात पोहता येणारी तरुण मुलं बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. वरून पाणी शांत असतं, खाली खोली एकदम वाढते. तलावाकाठी डबा उघडायचा असेल तर प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस नेमा, नाव घेऊन. ‘सगळे लक्ष ठेवा’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही. लांबच्या जंगलाजवळ फोनला रेंज जाते, म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी कोणाला तरी सांगून निघा. पेट्रोल शहरातच भरा.

घरी आल्यावर

कपडे थेट बादलीत, गरम पाण्यात. आंघोळीच्या वेळी मुलांचे कानामागचे भाग, काखा, जांघा, केसांची मुळं नीट बघा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, रॉकेल-तेल लावत बसू नका. जागा साबणाने धुवा आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगा.

मुलांना एक साधी वही द्या. जे पाहिलं त्याचं चित्र आणि तारीख, एवढंच लिहायचं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तीच वाट चालून बघा, पळस आधी फुलला की उशिरा हे वहीच सांगेल. आणि दिवाळीच्या सुट्टीत सफारीला जायचं ठरत असेल तर पावसाळ्यातच तारीख पक्की करा. ऑक्टोबरमध्ये गेटं उघडली की सुट्टीच्या दिवसांच्या जिप्सी सगळ्यात आधी भरतात.